शनिवारची शिदोरी

आमचे नाहूर म्हणजे मध्य रेल्वेवरचे एक गरीब बापडे स्टेशन. भांडुप आणि मुलुंड ह्या दोन थोरल्या जावांच्या मध्ये धाकट्या जावेसारखे अंग चोरून उभे असते. जलद गाडी त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता धडधडत निघून जाते. आम्ही इथे बिऱ्हाड थाटले तेव्हा तर हे स्टेशनही नव्हते. भांडुपला उतरायचे आणि भाजीची पिशवी सावरत घर गाठायचे. जिची हयात शाळेत मुलांना गणित शिकवण्यात आणि घरी जमाखर्चाची तोंडमिळवणी करण्यात गेली, त्या बाईने उठून सहा महिने लेकीकडे लंडनला राहायला जायचे, ह्याचे आमच्या चाळवजा इमारतीत कोण अप्रूप झाले! निघायच्या आदल्या रात्री शेजारणींची रीघ लागली. कोणी सांगितले, लोकरीचे पायमोजे दोन जास्त घ्या. कोणी म्हणाले, तिकडे म्हणे सगळे उकडलेलेच खातात, तुमची उपासमार होईल.

मला मात्र वेगळीच काळजी होती. लेकीचे फोनवर दर सोमवारी ऐकायला मिळे, ‘शनिवारी आम्ही अमुक गावाला गेलो, तमुक खाल्ले.’ मी मनात म्हणे, पोरगी उधळी झाली.

ह्याला कारण आमच्या घराची रीत. आमच्या ह्यांची एक वही होती, कापडी बांधणीची. तिच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते, ‘निवृत्तीनंतर’. खाली क्रमाने नावे : माथेरान, गणपतीपुळे, हंपी, कन्याकुमारी. प्रत्येकापुढे अंदाजी खर्च. दरवर्षी त्या आकड्यांत ते थोडी वाढ करीत आणि वही कपाटात ठेवून देत. निवृत्तीनंतर आठच महिन्यांनी ते गेले. वहीतल्या एकाही गावाला आमचे पाय लागले नाहीत. तरीही काटकसरीची सवय अशी, की ह्यात काही चुकले असे मला तोवर कधी वाटले नव्हते.

पेढे नकोत, भाजणी आण

लेकीने आधीच बजावले होते, ‘आई, पेढे, बर्फी, तूप काही आणू नकोस.’ ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ घेऊन जायला मनाई आहे. विमानतळावर सापडले तर सरळ काढून घेतात. जावयाकडे पहिल्यांदा जाताना पेढ्यांचा पुडा न्यायचा नाही, हे काही माझ्या मनाला पटेना. पण कायद्यापुढे सासूचे काय चालणार? मग पेटीत भाजणी भरली, गोडा मसाला, मेतकूट, आमसुले, शेंगदाण्याची चटणी. सामानाच्या काट्यावर पेटी चढवली तेव्हा लुगडी हलकी आणि मसाले जड, असा प्रकार होता.

लेक राहते हॅरोला, लंडनच्या वायव्येस. पहिल्याच शनिवारी तिने मला जवळच्या वेम्बलीतल्या ईलिंग रोडवर नेले, आणि मी रस्त्यातच उभी राहिले. मेथीच्या जुड्या, कढीलिंब, आळूची पाने, शेवग्याच्या शेंगा, सगळे ओळीने मांडलेले. दुकानदार बहुतेक गुजराती, त्यामुळे घासाघीस करायला भाषेचीही अडचण नाही. एप्रिल संपत आला होता आणि दुकानांपुढे हापूसच्या पेट्यांची चळत लागली होती. जावई म्हणाले, ‘२०१४ साली हीच चळत दिसेनाशी झाली होती.’ भारतीय आंब्यात फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने त्या वर्षी १ मेपासून आंब्याची आयात बंद केली होती, आणि त्या वेळी ब्रिटनही त्या संघातच होते. जानेवारी २०१५ मध्ये ती बंदी उठली. मधला एक उन्हाळा इथल्या मराठी मंडळींनी आमरसाशिवाय काढला. आपल्याकडे आंबा महाग झाला की आपण कुरकुरतो. त्यांना तर तो दिसलाच नाही.

वडापाव खायला नात मला हौन्स्लोला घेऊन गेली. मुंबईत एकत्र शिकलेल्या सुजय सोहनी आणि सुबोध जोशी ह्या दोन मित्रांनी २०१० साली तिथे ‘श्रीकृष्ण वडापाव’ सुरू केला. मंदीत नोकरी गेली म्हणून रडत न बसता त्यांनी कढई चढवली. वडा हातात आला, लसणीची लाल चटणी जिभेला लागली आणि डोळे मिटले तर मुलुंड स्टेशनबाहेर उभी आहे असेच वाटावे. फक्त तोंडातून वाफ निघत होती, ती वड्याची नव्हे, थंडीची!

पण खरी गंमत आयत्या वस्तूंत नाही. लेकीने तिथल्या जिनसांना आपल्या चवीचे वळण लावले आहे. रुबार्ब नावाची एक तांबूस, आंबट देठांची भाजी तिकडे मिळते. इंग्रज बायका ती साखरेत शिजवून गोडाला वापरतात. माझी लेक तिचा मेथांबा करते, आणि तो कैरीच्या मेथांब्याला हार जाणार नाही. मात्र त्याची पाने विषारी, ती काढूनच टाकावी लागतात. ऑगस्टात पायवाटांच्या कडेच्या काटेरी झुडपांना काळी ब्लॅकबेरी लगडते. घरच्यापुरती ती कोणीही तोडावी, कोणी हरकत घेत नाही. नातीने ओंजळभर आणून दिली तेव्हा मला वैशाखातली करवंदे आठवली. तीच काळी बोटे, तेच हातापायांवरचे ओरखडे!

मासळीची वारी

एका शनिवारी जावयांनी मला पहाटे चारला उठवले. म्हटले, एवढ्या अंधारात काय काकडआरतीला निघालो आहोत? ‘मासळीबाजारात,’ ते म्हणाले. बिलिंग्जगेट हा लंडनचा शेकडो वर्षांचा नावाजलेला बाजार. पूर्वी तो थेम्सच्या काठी लंडन ब्रिजजवळ होता, १९८२ साली तो पूर्वेकडे कॅनरी वॉर्फला हलला. मंगळवार ते शनिवार पहाटे भरतो आणि आपली कचेरीची वेळ व्हायच्या आत उठतोही. चहूकडे बॅंकांच्या उंचच उंच काचेच्या इमारती, आणि त्यांच्या पायाशी पांढरे डगले घातलेले मासेवाले ओरडताहेत, बर्फावर माल चकाकतो आहे!

मी मासे खाणाऱ्या घरातली, त्यामुळे बाजारात शिरताच माझी कळी खुलली. बांगड्याला आपल्यासारखीच निळी-हिरवी झळाळी, पण अंगावर वाघासारखे पट्टे. कोळंबी होती, दूरदेशाहून आलेले पापलेटही होते. मी कल्ले उचलून लाल आहेत की नाही ते पाहू लागले, तशी समोरचा गोरा मासेवाला हसला आणि त्याने आपण होऊन खालच्या बर्फातला ताजा बांगडा काढून दिला. भाषा एक अक्षर कळली नाही, पण गिऱ्हाईक जाणते आहे हे त्याला कळले. त्या दुपारी तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले झाले. खिडक्या सताड उघड्या ठेवून, कोट घालून आम्ही जेवलो. शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून ही तजवीज!

ब्रायटनचा शुक्रवार

इथवर सगळे गोडीगुलाबीने चालले होते. मग एका शुक्रवारी रात्री दहा वाजता पाहते तो लेक कामावरून आलेली, अंगावरचे कपडेही न बदलता थालीपिठे थापते आहे. ‘उद्या ब्रायटनला जायचं.’ मी दिवसभर मनात पौंडाचे रुपये करीत होते. एका पौंडाला शंभरावर रुपये; चौघांचे रेल्वेचे तिकीट, वर खाणेपिणे. माझ्यातली मास्तरीण बोलून गेली, ‘पैसे काय झाडाला लागतात? दर शनिवारी कसली गं ही हिंडायची हौस? चार पैसे गाठीला बांधा.’

लेक काही बोलली नाही. तव्यावरचे थालीपीठ तेवढे करपले.

दुसऱ्या दिवशी व्हिक्टोरिया स्टेशनवरून गाडी सुटली. ब्रायटन तिथून तासाभराच्या वाटेवर, दक्षिणेला समुद्रकाठी. तिकिटाचा हिशेब जावयांनी मला मुद्दाम समजावून सांगितला. तिकडे साठी उलटलेल्यांना सवलतीचे कार्ड मिळते, परदेशी पाहुण्यालासुद्धा. त्यावर भाडे तृतीयांशाने कमी होते. मुलांबरोबर जाणाऱ्या कुटुंबाचे कार्ड वेगळे. जेवण घरचे, चहा थर्मासमधला. कचेरीत रोज बाहेर न जेवता दोघेही डबा नेतात आणि त्यातून जे वाचते त्यावर शनिवार निघतो. शिदोरीचेही नियम ठरलेले. पोळ्या वातड होतात म्हणून थालीपिठे, धपाटे किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या. बंद डब्यात वास कोंडतो म्हणून चटणी बिनलसणीची. आकडे ऐकून माझे तोंड निम्मे मिटले.

उरलेले लेकीने मिटवले. खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, ‘आई, पहिल्या वर्षी आम्ही अस्संच केलं होतं. कुठं जायचं नाही, पैसे साठवायचे. डिसेंबरात इथं चारच्या आत सूर्य मावळतो. सकाळी अंधारात जायचं, अंधारात यायचं. दाराशी कुणी येत नाही, जिन्यात कुणी बोलत नाही. शनिवार-रविवार मी नुसती झोपून असायची. रोज वाटायचं, परत जावं. तुला फोनवर सांगितलं नाही, तू घाबरली असतीस. मग एक दिवस ह्यांनीच डबा भरला आणि मला ओढून बाहेर नेलं. तेव्हापासून आठवडा शनिवारकडे बघत जातो.’

माझ्याने काही बोलवले नाही. तिच्या त्या हिवाळ्यात मी इकडे बॅंकेचे व्याज मोजत होते.

बादशाही स्वयंपाकघरे

ब्रायटनला वाळू नाहीच, नुसते गोटे. चौपाटीची सवय असलेल्या पायांना ते चांगलेच बोचतात. गोट्यांवर बसून डबा उघडला, थालीपिठाचा पहिला घास हातात घेतला, तोच पाठीमागून एक भला थोरला समुद्रपक्षी झेपावला आणि थालीपीठ घेऊन पसार झाला! आमच्या नाहूरच्या कावळ्याचीही एवढी छाती नाही. नात हसून हसून गोट्यांवर लोळली.

मग आम्ही गावातला रॉयल पॅव्हिलियन पाहिला. चौथ्या जॉर्ज राजाचा हा विलासी महाल. बाहेरून घुमट-मिनारांचा मोगली थाट, आत चिनी नक्षी. ह्याच गावात पाटण्याचा शेख दीन महंमद येऊन राहिला होता. त्याने १८१० साली लंडनमध्ये ‘हिंदुस्थानी कॉफी हाऊस’ काढले. हिंदी माणसाने त्या शहरात काढलेली ही पहिली खाणावळ. तिथे हुक्का होता, वेताच्या खुर्च्या होत्या, पण गिऱ्हाईक पुरेना. १८१२ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. तो डगमगला नाही. ब्रायटनला येऊन त्याने औषधी वाफेची आणि चंपीची स्नानगृहे चालवली, आणि खुद्द राजाला चंपी करण्याचा मान मिळवला. आपल्या ‘चांपो’चे इंग्रजीत ‘शॅम्पू’ झाले ते ह्याच धंद्यामुळे रूढ झाले. आपली करी खपली नाही, पण चंपी खपली!

पुढे पहिल्या महायुद्धात, १९१४च्या डिसेंबरपासून १९१६च्या आरंभापर्यंत, ह्याच महालात फ्रान्सच्या रणांगणावर जखमी झालेल्या हिंदी शिपायांचे इस्पितळ होते. झुंबरांखाली खाटांच्या रांगा मांडल्या होत्या. आणि ऐका, त्या शिपायांच्या जेवणासाठी तिथे नऊ स्वयंपाकघरे होती! प्रत्येकाच्या धर्माप्रमाणे, जातीप्रमाणे आचारी निराळे. हिंदूंचे आणि मुसलमानांचे पाण्याचे नळ निराळे. पाट्या उर्दूत, हिंदीत आणि गुरुमुखीत. ह्यात सरकारची काळजी होती तसा जगाला दाखवायचा डामडौलही होता. पण पोटभर आपले अन्न मिळे, हे खरे. मात्र पुढे पुढे त्या शिपायांच्या बाहेर हिंडण्याफिरण्यावर निर्बंध घातले गेले. राजवाड्यात राहायचे, घरच्यासारखे जेवायचे आणि खिडकीतून गाव पाहायचे! लेकीचा पहिला हिवाळा मला तिथे पुन्हा आठवला. तिच्या घरातही अन्न काही कमी नव्हते.

जे शिपाई वाचले नाहीत, त्यांतल्या ५३ हिंदू आणि शीख जवानांचे दहन गावाबाहेर पॅचमच्या टेकडीवर झाले. तिथे संगमरवरी छत्री उभी आहे. तिचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स नावाच्या तरुण हिंदी वास्तुशिल्पकाराचा. १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचे उद्घाटन झाले. त्या ५३ जणांची नावे कोरलेली भिंत मात्र शेजारी उभी राहिली ती २०१० साली. मोटार तिथवर जात नाही, शेतांमधून चढण चढावी लागते. वर पोचलो तेव्हा खाली समुद्र चकाकत होता, भोवती मेंढरे चरत होती. मी पिशवीतला उरलेला गूळपापडीचा तुकडा काढून कडेच्या गवतावर ठेवला. असे करतात की नाही, मला ठाऊक नाही. नातीने विचारले, ‘आजी, हे कोणासाठी?’ म्हटले, ‘पाहुण्यांसाठी.’

पापड आणि पुस्तके

दुसऱ्या एका रविवारी आम्ही प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड ह्या घरी गेलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत असताना १९२१-२२ मध्ये इथे राहत असत. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली हे घर विकत घेतले आणि तिथे त्यांचे स्मारक केले. चरित्रकार सांगतात, सकाळचा तुटपुंजा नाश्ता करून ते जे ग्रंथालय गाठीत ते संध्याकाळपर्यंत, दुपारच्या जेवणाला फाटाच. रात्री भूक लागली की पापड भाजून खात आणि पुन्हा पुस्तकात डोके घालीत. त्यांना शनिवार नव्हता, रविवार नव्हता. त्या उपाशी रात्रींतून काय निघाले ते आपण जाणतोच.

घर पाहून आम्ही टेकडीवर डबा घेऊन बसलो. खाली सारे लंडन पसरले होते. पुऱ्या मऊ होत्या, भाजी चवदार होती, पण पहिला घास काही केल्या घशाखाली उतरेना. सात वर्षांची नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘त्यांना कोणी डबा का नाही दिला?’

तिच्या आईने उत्तर दिले नाही. पण महिन्याच्या शेवटच्या रविवारी घरी सहा-सात मुलेमुली जेवायला आली. कोणी सोलापूरचे, कोणी चिपळूणचे, एकजण लातूरकडचा. सगळे शिकायला आलेले, खोलीचे भाडे भरून हातात फारसे न उरणारे. त्यांतल्या काहींची ओळख लंडनच्या महाराष्ट्र मंडळात झालेली. न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने १९३२ साली स्थापन झालेले हे मंडळ. डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे, गणपती बसतो, दिवाळी होते. लेकीने मोठे पातेले भरून वरण केले होते. लातूरकडचा मुलगा तीनदा भात मागून जेवला आणि मग लाजला. ‘आमच्याकडं हे दर महिन्याला असतं,’ नात मला म्हणाली. ह्या खर्चाला मी शंभराने गुणले नाही.

वहीतले पहिले नाव

सप्टेंबरात मी परत आले. चार दिवस शेजारणींना चॉकलेटे वाटण्यात गेले. पाचव्या दिवशी शनिवार होता. शुक्रवारी रात्री मी भाजणी भिजवली. शेजारच्या काकूंना विचारले, ‘येता का?’ त्या म्हणाल्या, ‘अहो, एवढ्या पावसात? आणि कशासाठी?’ म्हटले, ‘कशासाठी नाही, शनिवार आहे म्हणून.’

पहाटे नाहूरहून धीम्या गाडीने ठाणे, तिथून कर्जत लोकल. नेरळ काही विलायत नव्हे, आमच्याच मार्गावरचे स्टेशन! नेरळहून माथेरानला १९०७ पासून छोटी गाडी आहे, पण पावसाळ्यात खालची वाट बंद असते. म्हणून टॅक्सीने दस्तुरीपर्यंत गेलो. तिथून पुढे मोटारींना बंदीच. जवळच्या अमन लॉजहून ती छोटी गाडी पावसातही गावापर्यंत ये-जा करते, तीत दोघी बसलो. काकूंना खिडकी मिळाली. धुके आत येत होते आणि त्या लहान मुलीसारखा हात बाहेर काढून बसल्या होत्या. पन्नास वर्षे भांडुप-मुलुंडात राहूनही त्याही कधी इथे आल्या नव्हत्या.

एका झाडाखाली डबा उघडला. पाऊस थांबला होता, पाने टपटपत होती. मी थालीपिठाला हात घालते तोच वरून एक माकड उतरले. पुढचे सांगायलाच नको. ब्रायटनचा पक्षी आणि माथेरानचे माकड, दोघांची आवड एकच!

घरी आल्यावर कपाटातली वही काढली. माथेरानच्या नावापुढे ह्यांच्या अक्षरात अंदाजी खर्च होता, चारदा खोडून वाढवलेला. त्याच्या शेजारी मी झालेला खर्च लिहिला, तारीख घातली. खाली तपशील : दोघींचा रेल्वे व टॅक्सीचा प्रवास, छोटी गाडी, चहा दोन वेळा. थालीपिठे घरची, एकूण सहा. पैकी एक माकडाने नेले.

गणपतीपुळ्यापुढचा आकडा अजून तसाच आहे. दिवाळीचा फराळ करताना काकू काल सहज विचारीत होत्या, ‘पुळ्याला जायचं तर धपाटे बरे की पुऱ्या?’